ठकीसाठी दोन मिनिटं

आमच्या घरमालकांसमोर कुठलंही जनावर 'मेलं' असं म्हणायची सोय नव्हती. कुत्रा असो, मांजर असो, नाहीतर पिंजऱ्यातला मिठ्ठू असो, 'वारला म्हणा' असं ते सांगत, आणि समोरचा हसला तर न रागावता पुन्हा एकदा सांगत. मला हे पहिल्याच भेटीत कळलं. मी सांगलीहून बँकेच्या बदलीवर लखनौला आले होते. तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत एका मराठी माणसाच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे असं कळलं, म्हणून कपूरथला मार्केटच्या मागच्या गल्लीत पत्ता शोधत गेले. नवरा कुठे असतो, पाहुणे किती येतील, मासे करता का, असल्या प्रश्नांची उत्तरं रिक्षातच तयार करून ठेवली होती. त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तुमच्याकडे कुणी होतं का? म्हणजे कुत्रा, मांजर असं?"

मी म्हटलं, लहानपणी एक बोका होता, मन्या. मी शाळेत असताना मेला.

"वारला म्हणा जी. काय झालं होतं त्याला?"

कुणीतरी उंदरांसाठी ठेवलेलं औषध त्याच्या पोटात गेलं होतं. मी तसं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "वाईट झालं." मला आधी हसू आलं. मग, का कोण जाणे, कप खाली ठेवला. मन्या गेला त्या दिवशी आमच्याकडे पाहुणे जेवायला यायचे होते आणि आईने मला तोंड धुवून ये म्हणून सांगितलं होतं. मन्याबद्दल 'वाईट झालं' असं तोवर कुणी म्हणालंच नव्हतं. भाड्याचं बोलणं त्या दिवशी राहूनच गेलं, पण घर मात्र ठरलं.

सगळी गल्ली त्यांना अंकल म्हणायची, मी काका म्हणायला लागले. मूळचे अमरावतीचे, रेल्वेत पुलांचे इंजिनिअर. नोकरी संपल्यावर परत जाऊ जाऊ म्हणत इथेच राहिले. काकू वारल्या, मुलगा नोएडाला स्थिरावला आणि परत जाण्याचा विषय आपोआप मिटला. माणूस उंच, किंचित वाकलेला, बोलण्यात वऱ्हाडी हेल आणि त्यात लखनवी 'अच्छा' मिसळलेलं. गाडी कुठल्याही पुलावर आली की वाक्य अर्ध्यावर सोडून गप्प व्हायचे, कान देऊन काहीतरी ऐकायचे, आणि पूल संपला की राहिलेलं वाक्य पूर्ण करायचे. एकदा गोमती ओलांडताना मी विचारलं, काय ऐकता? म्हणाले, काही नाही, बरा आहे ना ते बघून राहिलो.

आणि घरात ठकी. पिवळसर रंगाची, एक कान पडलेला, जातीच्या नावाने बोंब असलेली अस्सल देशी कुत्री. काकूंच्या माघारी वर्षभराच्या आत ती फाटकाशी येऊन बसली आणि काकांनी तिला आत घेतलं. तिचं वैशिष्ट्य असं की तिला मराठीच समजायचं. काकांचं त्यामागे काही धोरण नव्हतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि मुलाशी फोनवर मराठी बोललं तर तो हिंदीत उत्तर द्यायचा, म्हणून दिवसभराचं साठलेलं मराठी ते ठकीशी बोलायचे. गल्लीतल्या पोरांनी "आजा, आजा" करून घसा कोरडा केला तरी ती ढिम्म हलायची नाही. मी जिन्यातून नुसतं "ये गं" म्हटलं की शेपूट हलवत हजर. माझी कामवाली राजरानी तिला "ए मराठिन" म्हणायची, आणि पुढे पुढे तीही "हो तिकडे" म्हणायला शिकली. संध्याकाळी वरून मला खालचं बोलणं ऐकू यायचं. आज वांगी चांगली नव्हती, त्या शुक्लाने पुन्हा गाडी फाटकासमोर लावली, गुडघा दुखून राहिला. मधूनमधून ठकीच्या उसाशाचा आवाज. ते ऐकताना मला माहेरी गेल्यासारखं वाटायचं.

काकांचा मुख्य उद्योग म्हणजे समाचाराला जाणं. आपल्याकडे माणूस गेल्यावर जातात तसंच, फक्त हे जनावर गेल्यावर जायचे. पांढरा झब्बा-लेंगा, पायात साध्या चपला, हातात काही नाही. गल्लीत, पलीकडच्या गल्लीत, कधी थेट इंदिरा नगरपर्यंत. बातमी त्यांना कशी लागायची देव जाणे. गेल्यावर बसायचे, शेवटचं काय झालं ते विचारायचे, सगळं ऐकून घ्यायचे आणि उठायचे. त्यांचे नियम दोनच होते. वय विचारायचं नाही, कारण वय कळलं की लोक मनात हिशेब मांडतात आणि 'मग झालंच होतं की त्याचं' म्हणून मोकळे होतात. आणि 'दुसरा आणा' असं मरेपर्यंत म्हणायचं नाही. काकू गेल्यावर मला कुणी दुसरी आणा म्हणालं होतं का, असं ते विचारायचे, आणि मग स्वतःच प्रामाणिकपणे कबूल करायचे की मोठ्या मेव्हण्याने म्हटलं होतं, म्हणून त्याच्याशी संबंध तोडले.

आमच्या दूधवाल्याची म्हैस गेली तेव्हा हे त्याच्या गोठ्यावर पोचले. त्याला वाटलं, दुधात पाणी येतं म्हणून साहेब तक्रार करायला आले. तो आधीच शपथा घ्यायला लागला. काका पेंढीवर बसले आणि म्हणाले, तकलीफ तो नहीं हुई उसको? दूधवाला खाली बसून डोक्याचा गमछा तोंडाला लावून रडला. दुधातलं पाणी त्यानंतरही कमी झालं नाही, पण रोज फाटकाशी येऊन तो काकांना आधी रामराम करायचा, मग माप काढायचा.

एकदा मात्र या समाचाराने आम्हां दोघांना अडचणीत आणलं. शेजारच्या मिश्राजींचा पॉमेरेनियन वारला. मिश्राइन भाभींनी दोन दिवस चूल पेटवली नाही असं कळलं. काका वर आले आणि म्हणाले, ताई, आपल्यात अशा घरी पिठलं-भात नेतात, तुम्हाला येतं ना? मी केलं. त्यांनी स्वतः डबा नेला, त्या घरातल्या सगळ्यांना समोर बसून खायला लावलं. झालं ते चांगलंच झालं. पण महिन्याभराने भाभी माझ्या दारात. नातीचा वाढदिवस आहे, तीस-चाळीस माणसं येतील, आणि अंकल लाए थे ना, वो मराठी कढ़ी, गाढ़ी वाली, वही चाहिए, सबको बहुत अच्छी लगी थी.

मी खाली जाऊन काकांना सांगितलं. ते चांगलेच गोरेमोरे झाले. वाढदिवसाला मयताचं जेवण कसं न्यायचं, आणि ते मयताचं आहे हे आता कुठल्या तोंडाने सांगायचं. बरं, आपण एरवीही पिठलं खातोच की, असं मी म्हणून पाहिलं, पण त्यांच्या मते त्या घरात ते ज्या कारणाने पहिल्यांदा गेलं त्याला महत्त्व होतं. ठकी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. बऱ्याच विचारांती काकांनी तोडगा काढला. "करा. पण वरून ओलं खोबरं अन् कोथिंबीर घाला भरपूर. म्हणजे सुखाचं होईल." त्याप्रमाणे पातेलंभर सुखाचं पिठलं झालं. रंगीत टोप्या घातलेली पोरं पुरीबरोबर ते चाटूनपुसून खात होती आणि काका कोपऱ्यात उभे राहून मनातल्या मनात सगळ्यांची माफी मागत होते. निदान मला तरी तसं दिसलं.

अशा माणसाची ठकी वारली.

माघातली थंडी होती. आठवडाभर तिने खाणं सोडलं होतं, डॉक्टर येऊन मूत्रपिंडाचं काहीतरी सांगून गेले होते. सकाळी मी ऑफिसला निघाले तर काका व्हरांड्यात खुर्चीवर, आणि ठकी त्यांच्या जुन्या रेल्वेच्या कोटात गुंडाळलेली. "पहाटे गेली," एवढंच म्हणाले. मी रजा टाकली. मलिहाबादला त्यांच्या ओळखीचे एक आमराईवाले खानसाहेब होते. आंबा रेल्वेने जायचा त्या काळापासूनची ओळख. त्यांनी फोनवर सांगितलं की बाग आपकी है, जगह आप चुन लीजिए. आम्ही तिला गाडीत मागच्या सीटवर ठेवून नेलं. खड्डा खणून झाल्यावर काकांनी पिशवीतून सपाटी मोजायची स्पिरिट लेव्हल काढली. खणणारे गडी एकमेकांकडे बघायला लागले. काका गुडघ्यांवर बसून तळाची माती सपाट करत राहिले, बुडबुडा मधोमध येईपर्यंत. एका अंगाला कलून पडायला नको, म्हणाले. खानसाहेब हात बांधून शेजारी उभे होते. त्यांनी घाई केली नाही की काही विचारलंही नाही.

काका तिथे रडले नाहीत, घरी येऊनही नाहीत. मला ते बरं वाटलं नाही.

लोक आले, नाही असं नाही. मिश्राजी आले, शुक्ला आले, दूधवाला तर दोनदा आला. पण समाचार कसा करतात हे कुणालाच माहीत नव्हतं. जो तो जिव्हाळ्याने एकच म्हणायचा, अंकल, दूसरी ले लीजिए, मन लगा रहेगा. मुलाने तर नोएडाहून एका पिल्लाचे फोटोच पाठवले. काका प्रत्येकाला "जी" म्हणायचे आणि चहा विचारायचे. ज्या वाक्यासाठी सख्ख्या मेव्हण्याला तोडलं, ते वाक्य आता ते दिवसातून चार वेळा ऐकून घेत होते. संध्याकाळी खालून आवाज येईनासा झाला. मी खाली जाऊन बसायचे, पण मी पडले भाडेकरू. आज वांगी चांगली नव्हती हे माझ्याशी बोलण्यात त्यांना संकोच वाटायचा.

एका रविवारी ते स्वतःच बोलले. "ताई, आमची ही गेली तेव्हा घर तेरा दिवस भरलेलं होतं. अमरावतीहून माणसं आली. कुणी ना कुणी तिचं नाव घेत होतं, रडायला सवड होती. ठकी गेली अन् दुसऱ्या दिवशी सकाळी मी पातेलं धुऊन दूध घ्यायला बाहेर उभा. जशी काही झालीच नव्हती ती." आणि पुढे म्हणाले, "मंडळाच्या सभेत मी तिचं नाव घ्यायला सांगणार आहे."

मला कळायला वेळ लागला. आमच्या मराठी मंडळाची वार्षिक सभा मार्चमध्ये असते. सुरुवातीला, वर्षभरात दिवंगत झालेल्या सभासदांची नावं कार्यवाह वाचतात आणि सगळे दोन मिनिटं उभे राहतात. काकांना त्यात ठकी हवी होती. मी त्यांना परोपरीने समजावलं. लोक हसतील, म्हटलं. हसू द्या, म्हणाले. मनाला लावून घ्याल, म्हटलं. ते म्हणाले की लावून तर घेतलंच आहे, आता आणखी काय लागणार. तिचं नाव चार मराठी माणसांच्या कानावर एकदा पडावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

सभा एका शाळेच्या हॉलमध्ये भरली. साठेक माणसं, बटाटेवड्यांचा वास, पुढच्या रांगेत वडीलधारे, मागे हिंदीत कुजबुजणारी तरुण मंडळी. त्या वर्षी दोघे गेले होते. मंडळाचे कितीतरी वर्षांचे खजिनदार लेलेकाका, आणि शाळामास्तर गोरे. लेलेकाकू पहिल्या रांगेत होत्या, लेलेकाका जाऊन अजून दोन महिनेही व्हायचे होते. कार्यवाह म्हणजे इथेच जन्मलेला, बँकेत माझ्या शेजारच्या शाखेत असणारा एक भला तरुण. तो कागद घेऊन उभा राहिला तोच काका उठले आणि शांतपणे म्हणाले, त्यात माझ्या ठकीचं नाव घ्या.

ती कोण हे बहुतेकांना माहीत होतं. हॉलभर हशा पिकला. कार्यवाह गोंधळून म्हणाला की काका, ये तो सभासदांचं असतं. काकांनी तयारी केली होती. मंडळाच्या घटनेत सभासदाला मराठी समजलं पाहिजे एवढीच अट आहे, आणि मागे बसलेल्या निम्म्या मुलांपेक्षा ठकीला ते जास्त समजायचं, असं त्यांनी सांगितलं. मागून कुणीतरी "अंकल सही कह रहे हैं" म्हणालं आणि हशा आणखी वाढला. काकाही थोडे हसले. मला वाटलं, होईल, याच हसण्यात होऊन जाईल.

तेवढ्यात मधल्या रांगेतले एक गृहस्थ ताडकन उठले. त्यांचा आवाज कापत होता. "लेल्यांच्या नावाला कुत्रीचं नाव चिकटवता? काकू समोर बसल्यात, त्याचं तरी भान ठेवा."

सगळ्यांचे डोळे पहिल्या रांगेकडे गेले. काकांचेही गेले, आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला. गावभरातल्या कुत्र्या-मांजरांच्या घरच्यांना काय लागेल याचा बारकाईने विचार करणाऱ्या या माणसाच्या डोक्यात ही एक बाई आलीच नव्हती. त्यांनी हात जोडले. "वहिनी, मी शब्द मागे घेतो. माझ्या हे ध्यानातच आलं नाही. माफ करा." आणि खाली बसण्यासाठी मागची खुर्ची चाचपू लागले.

लेलेकाकू वळल्या नाहीत. समोरच बघत, आपल्या सवयीच्या रोखठोक आवाजात त्या म्हणाल्या, "ह्यांना कुत्र्यांची भयंकर भीती. तुमच्याकडे यायचे तर फाटकाबाहेरूनच हाका मारायचे, तिला बांधा म्हणून." कुणी हसायचं धाडस केलं नाही. "तेव्हा ह्यांच्या शेजारी नको. मध्ये गोऱ्यांचं नाव येऊ द्या. गोऱ्यांना चालेल, ते सगळ्यांशी जमवून घ्यायचे."

कार्यवाहाने खिशातून पेन काढलं आणि कागदाच्या तळाशी काहीतरी लिहिलं. मघाशी ओरडलेले गृहस्थ मान खाली घालून बसले होते. सगळे उभे राहिले. त्याने लेलेकाकांचं पूर्ण नाव वाचलं, गोरेमास्तरांचं वाचलं, आणि मग आपल्या अडखळत्या मराठीत, पण एकेक अक्षर नीट उच्चारून, "कैलासवासी ठकी" असं वाचलं. मागची मुलंही उभी होती, हातातले फोन खाली धरून. रस्त्यावरून ई-रिक्षांचे भोंगे येत होते. मी मन्याचंही नाव मनात घेऊन टाकलं.

दोन मिनिटं झाली. कार्यवाह "बसावं" म्हणाला आणि खुर्च्यांचा खडखडाट झाला. काका बसले नाहीत. हात बाजूला सोडून, समोरच्या फळ्याकडे बघत तसेच उभे. मी त्यांची बाही ओढली तरी त्यांना कळलं नाही. कार्यवाह अहवाल हातात घेऊन घुटमळत होता, आणि त्यांना बसा म्हणायचं कुणाच्याच जिवावर येत नव्हतं.

तेव्हा लेलेकाकू उठल्या. गुडघ्यांमुळे त्यांना चालायला वेळ लागतो. त्या सावकाश आमच्या रांगेपर्यंत आल्या, काकांच्या पलीकडची खुर्ची रिकामी करून घेतली आणि काकांच्या कोपराला धरून म्हणाल्या, "बसा हो आता. गेली ती."

काका बसले. बसले आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागले, मोठ्याने, हुंदके देत, साठ माणसांच्या देखत. मी घाबरून पाण्याची बाटली पुढे केली. लेलेकाकूंनी ती माझ्या हातातून घेऊन खाली ठेवली. रडू दे त्यांना, म्हणाल्या, आणि मग पदर डोळ्यांना लावून त्याही रडायला लागल्या. कार्यवाहाने अहवाल मिटून टेबलावर ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. सभा त्या दिवशी बरीच उशिरा सुरू झाली.